गच्चीचा राजीनामा

माझ्या सासूबाईंनी एका संध्याकाळी सांगलीला फोन करून माझ्या आईला सांगितलं, "शनिवारी आमच्याकडचा राजीनामा आहे. एकदाचा होऊन जाऊ दे, मग शांत झोप लागेल."

हा फोन माझ्यासमोरच झाला. मी पोळ्या लाटत होते आणि त्या वाक्यात काही वावगं आहे असं मला जाणवलंसुद्धा नाही. लग्न होऊन इंदूरला आले त्याला बरीच वर्षं झाली, इथला राजीनामा कानाला सवयीचा झाला होता. इथल्या कोर्टात दोन पक्ष एकमेकांच्या अटी मान्य करून भांडण मिटवतात, त्याला राजीनामा म्हणतात. नोकरी सोडायची असेल तर माणूस इस्तीफा देतो. आमच्या सासरी मराठीच बोलतात, पण ती इथली मराठी. संस्थानी काळात कुणी पणजोबा दरबारच्या फौजेत नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या तोंडात हिंदी शब्द कधी शिरले हे कुणालाच सांगता येणार नाही.

सांगलीला मात्र राजीनामा म्हणजे राजीनामाच. आमच्या घरात नोकरी करणारे दोघं. मी पलासियाच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आणि माझा नवरा विजय नगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. कंपन्यांमधून माणसं काढतायत हे आई रोज टीव्हीवर ऐकत होती. जावयाला नोकरी सोडायला लावली, आणि विहीणबाईंना आता सुखाने झोप लागणार, असं तिने त्या फोनचं तात्पर्य काढलं. मला विचारलं तर मला वाईट वाटेल म्हणून तिने मला विचारलं नाही. फक्त वडिलांना सांगितलं.

वडिलांनी वेगळाच अर्थ लावला. ते तहसील कार्यालयात अव्वल कारकून होते, सगळी हयात जमिनीच्या कागदांत गेली. त्यांच्या जुन्या कागदांत राजीनामा म्हणजे कब्जेदाराने जमिनीवरचा आपला हक्क सोडल्याचं लिहून देणं. माझ्या सासऱ्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची गच्चीवरून कोर्टात केस चालू आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हिशोब केला की साधा सरळ मास्तर माणूस थकला आणि हक्क सोडून देतोय. ते तडक निघाले, आणि शुक्रवारी संध्याकाळी मला पुण्याच्या स्टँडवरून त्यांचा फोन आला.

"बसमध्ये बसतोय. सकाळी पोचेन. तोवर तुझ्या सासऱ्यांना कशावरही सही करू देऊ नकोस."

"बाबा, पण झालंय काय?"

"आल्यावर बोलू," म्हणाले आणि फोन ठेवला.

ते येईपर्यंत त्या केसबद्दल सांगते. आमचं घर भंवरकुआंच्या मागच्या बाजूला आहे. खाली आम्ही, म्हणजे सासूसासरे, मी, नवरा आणि मुलगी. वरच्या मजल्यावर काका आणि काकू. काकांचं स्टेशनरीचं दुकान होतं. सासरे सरकारी शाळेत हिंदी शिकवायचे. घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, मजले वाटून दिले होते, आणि गच्ची दोघांची. जिना बाहेरून, तोही दोघांचा.

आमच्या भागात कोचिंग क्लासेस वाढत गेले तशी प्रत्येक घरावर खोल्या चढल्या. बाहेरगावच्या मुलांना राहायला जागा लागते. माझ्या लग्नाच्या आधी, एका उन्हाळ्यात घरातले सगळे नणंदेकडे नागपूरला गेले होते. परत आले तेव्हा अर्ध्या गच्चीवर भिंती उभ्या राहिल्या होत्या, खिडक्यांच्या चौकटीही बसल्या होत्या. सासरे वर गेले, पाहिलं, खाली आले आणि जेवले. काही बोलले नाहीत. भांडण झालं ते पुढे, खोल्यांमध्ये मुलं राहायला आल्यावर. उरलेल्या गच्चीवर मुलांचे कपडे वाळायला लागले, फोनवर मोठमोठ्याने बोलणी सुरू झाली. एक दिवस सासऱ्यांनी जिन्याच्या जाळीच्या दाराला कुलूप घातलं. काका कोर्टात गेले. कोर्टाने निकाल लागेपर्यंत कुलूप काढायला सांगितलं. मग सासरेही कोर्टात गेले, की खोल्या पाडा. तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. सासूबाई आणि काकू मात्र पहिल्यासारख्याच होत्या. दुपारी दोघी जिन्यात बसून लसूण सोलायच्या आणि केसचा विषय निघाला की म्हणायच्या, "त्यांचं ते जाणोत."

शनिवारी सकाळी वडील आले. आंघोळ केली, चहा घेतला आणि थेट सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसले.

"तुमच्या घरातलं मी बोलू नये," ते म्हणाले, "पण मुलगी दिलीय, म्हणून बोलतो. हक्क सोडू नका. खोल्या राहू देत म्हणालात तरी चालेल, पण राजीनामा नको."

सासरे गोंधळले. "हक्क कुठे सोडून राहिलोय मी? अटी ठरल्या आहेत. त्या दोघांनी मानायच्या. बस."

"मग त्याला तडजोड म्हणा. आमच्याकडे तडजोडपत्र म्हणतात."

"तडजोड म्हणजे काय, थोडं तोडायचं, थोडं जोडायचं. इथे कोर्टात राजीनामाच म्हणतात. दोन्ही पक्ष राजी, म्हणून राजीनामा."

"आणि आमच्याकडे तो लिहून दिला की माणूस मोकळ्या हाताने घरी जातो," वडील म्हणाले.

तेवढ्यात माझा नवरा आतून आला. वडिलांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि जपून विचारलं, "तुमचं कसं चाललंय ऑफिसात?" तो म्हणाला, "ठीक चाललंय." वडिलांनी लगेच आईला फोन लावून सांगितलं, "नोकरी आहे." तेव्हा कुठे आम्हाला सगळा उलगडा झाला. सासूबाई हसायला लागल्या आणि बराच वेळ हसत राहिल्या. वडिलांना थोडं ओशाळल्यासारखं झालं, तरी ते आपल्या मुद्द्यावरून हटले नाहीत. कागद वाचल्याशिवाय सही नको, एवढं त्यांनी सासऱ्यांकडून कबूल करून घेतलं.

माझ्या नवऱ्याला ऑफिसचं काही निघालं म्हणून कोर्टात मी गेले, सासऱ्यांना आणि वडिलांना घेऊन. तिथे त्या दिवशी लोक अदालत होती. आवारात मांडव घातला होता, टेबलं लावली होती आणि लग्नाला जमावी तशी माणसं जमली होती. आमच्या वकीलबाई तिशीतल्या, इथल्याच मराठी. त्यांनी वडिलांच्या हातात कागद दिला.

"काका, आप आराम से वाचा. टेन्शनची काही बात नाही."

वडिलांनी चष्मा पुसून प्रत्येक ओळ वाचली. अटी साध्या होत्या. बांधलेल्या खोल्या राहतील. उरलेली गच्ची सासऱ्यांच्या वापराची. खोल्यांमधल्या मुलांनी रात्री दहानंतर गच्चीवर थांबायचं नाही. जिना दोघांचा, त्याला कुणी कुलूप घालायचं नाही. आणि शेवटची अट, की पुढे कुठलंही बांधकाम करायचं तर एकाने दुसऱ्याची लेखी संमती घ्यायची.

"यात हक्क सोडल्याचं कुठे नाही," वडिलांनी शेवटी मान्य केलं. "ही शेवटची अट कुणी घातली?"

"यांनीच," वकीलबाईंनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. "बाकी सगळं दोन मीटिंगमध्ये ठरलं. या एका अटीसाठी किती वेळा ड्राफ्ट बदलला, विचारू नका."

काका समोरच्या रांगेत त्यांच्या वकिलाशेजारी बसले होते. त्यांनी माझ्या वडिलांना लांबून नमस्कार केला. वडिलांनीही केला. मधे सासरे बसले होते, त्यांच्याकडे काकांनी पाहिलं नाही.

आमची पुकार झाली. टेबलामागे न्यायाधीश बाई होत्या, चेहऱ्यावर सकाळपासून बसल्याचा थकवा होता, पण आवाज मऊ होता. त्यांनी कागद चाळला आणि काकांना विचारलं, "आप अपनी मर्ज़ी से, राजी-खुशी से ये शर्तें मान रहे हैं?"

"जी, मैडम."

मग सासऱ्यांना तेच विचारलं. सासरे उभे होते. त्यांनी हात पाठीमागे बांधले, वर्गात बांधायचे तसे.

"शर्तें मंज़ूर हैं," ते म्हणाले.

"मतलब आप राजी हैं."

"मंज़ूर हैं, मैडम. राजी हूँ, ऐसा अभी नहीं कह सकता."

वकीलबाईंनी डोळे मिटले. काकांचे वकील घड्याळ पाहायला लागले. न्यायाधीश बाईंनी पेन खाली ठेवलं आणि सासऱ्यांकडे नीट पाहिलं.

"आप हिंदी पढ़ाते थे क्या?"

"जी. पूरी नौकरी हिंदी ही पढ़ाई."

"तो बताइए, फ़र्क क्या है?"

सासरे म्हणाले, "मंज़ूर तो आदमी मजबूरी में भी कर लेता है. राजी होने के लिए मन चाहिए."

मला वाटलं, आता रागावतील. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मन का हुक्म तो मैं नहीं दे सकती. पर बिना राजी के इस काग़ज़ पर दस्तख़त भी नहीं कराऊँगी. आप दोनों भाई बाहर बैठिए, बात कीजिए. मैं दूसरा मामला ले लेती हूँ."

बाहेर भिंतीलगत एक लांब बाक होतं. काका एका टोकाला बसले, सासरे दुसऱ्या टोकाला. वडिलांना कुठे बसावं ते कळेना, म्हणून ते मधे बसले. मी उभी राहिले. वकीलबाई दुसऱ्या अशिलाकडे गेल्या, जाताना मला हळूच म्हणाल्या, "सांभाळून घे गं."

मग काका माझ्या वडिलांना म्हणाले, "पाहिलंत ना तुम्ही? असंच असतं यांचं. सगळं ठरवायचं आणि ऐन वेळी शब्द पकडून बसायचं."

सासरेही वडिलांकडेच पाहून बोलले. "शब्द नाही पकडला मी. त्यांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं."

वडिलांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. अशी बोलणी त्यांनी कार्यालयात पुष्कळ ऐकली असणार. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "मला एक सांगा. खोल्या तुम्हाला चालतात?"

"चालतात."

"मुलांचा त्रास?"

"आताची मुलं चांगली आहेत. एक तर माझ्याकडे निबंध दाखवायला येतो."

हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. काकांनी पहिल्यांदाच मान वळवली.

"मग अडलंय कुठे?" वडिलांनी विचारलं.

समोरून काळ्या कोटातले वकील फायली घेऊन येत-जात होते, सासरे त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नागपूरहून आलो तेव्हा मला वाटलं होतं, हा खाली येईल. सांगेल की दादा, असं असं केलं, घाई होती, तू नव्हतास. मी उरलेला पूर्ण उन्हाळा वाट पाहिली. फोन होता ना माझ्याकडे नागपूरला? एक फोन नाही केला. मला विचारलं असतं तर मी काय नाही म्हटलं असतं?"

काका आता वडिलांकडे न पाहता बोलले. आवाज मोठा नव्हता.

"हो, नाहीच म्हटलं असतंस, दादा. लहानपणापासून पहिल्यांदा नाहीच म्हणतोस तू. दुकान टाकायचं म्हटलं, नाही. स्कूटर घ्यायची म्हटलं, नाही. दुकान बसलं होतं माझं तेव्हा. तुझं 'नाही' ऐकून घ्यायची हिंमत नव्हती. म्हणून तू गेल्यावर बांधायला काढलं."

माझे वडील बाकावर मागे सरकून बसले, म्हणजे दोघांना एकमेकांचे चेहरे दिसावेत. सासरे खाली पाहत होते. मला वाटलं, ते उठून जातील. काकांचं दुकान चालत नव्हतं हे सासऱ्यांना माहीत असेल अशी मला खात्री होती. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की त्यांना ते माहीत नव्हतं.

"दुकान बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"कोचिंगवालेच वह्या देतात मुलांना. माझ्याकडून कोण घेणार."

"मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगू. तूच म्हणाला होतास ना, टाकू नको."

सासरे म्हणाले, "पहिल्यांदा नाही म्हटलं असतं, हे खरं आहे. ते माझ्या तोंडातून निघूनच जातं." मग त्यांनी जोडलं, "दुसऱ्यांदा येऊन विचारायचं होतंस."

काकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. उकाडा होताच. वडिलांनी मला खूण केली आणि आम्ही दोघं पाण्याच्या टाकीकडे गेलो. वडिलांना तहान नव्हती. त्यांनी पेला नुसता हातात धरला. मागे वळून पाहिलं तर दोघं भाऊ बाकाच्या दोन टोकांवरच होते, पण बोलत होते. काय बोलले ते मला आजही माहीत नाही. सासऱ्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्यांदा पुकार झाली तेव्हा न्यायाधीश बाईंनी फक्त सासऱ्यांना विचारलं, "अब?"

"अब राजी हूँ," सासरे म्हणाले.

न्यायाधीश बाईंनी कागद पुढे सरकवला. सासऱ्यांनी सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. काकांनी केली. वकीलबाईंनी इतक्या जोरात श्वास सोडला की शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वळून पाहिलं. मिठ्या वगैरे कुणी मारल्या नाहीत. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "गाडी आणली आहे मी. येता का?" आणि सासरे माझ्या वडिलांना घेऊन त्यांच्या गाडीत बसले. मी स्कूटीवर मागून आले. सिग्नलला त्यांची गाडी माझ्यापुढे थांबली तेव्हा काचेतून तिघांची डोकी दिसत होती. मधलं डोकं सारखं हलत होतं. माझे वडील त्यांना कसला तरी कायदा समजावून सांगत होते.

वडील संध्याकाळच्या बसने निघणार होते, त्यांना कुणी जाऊ दिलं नाही. मक्याचे दिवस होते. काकूंनी भुट्ट्याचा कीस केला आणि खाली पाठवण्याऐवजी सगळ्यांना वर बोलावलं. मी त्या घरात इतक्या वर्षांत काकूंकडे शेकडो वेळा गेले होते, पण सासऱ्यांना त्या सोफ्यावर बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. ते पाहुण्यासारखे ताठ बसले होते. काकूंनी त्यांना विचारलं, "मिरची चालेल ना, दादा?" आणि ते म्हणाले, "चालेल." नंतर त्यांना ठसका लागला. काकांनी उठून पाणी दिलं.

वडिलांनी जायच्या आदल्या दिवशी मला गच्चीवर बोलावलं. मुलं क्लासला गेली होती. खोल्यांच्या बाहेर चपला, एका दोरीवर टॉवेल. वडिलांनी दोन्हीकडची गच्ची चालून पाहिली, कठड्यावरून खाली डोकावले.

"मी इतकी वर्षं राजीनामे नोंदवले," ते म्हणाले. "माणूस यायचा, अंगठा द्यायचा. आम्ही विचारायचो, राजीखुशीने देतोस ना? तो हो म्हणायचा. आम्ही लिहायचो. नाही म्हणायची सोय त्या प्रश्नात आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही."

मी त्यांना म्हटलं, तुम्ही काय करणार होतात, ती नोकरी होती. ते म्हणाले, "हो, ते आहेच," आणि माझ्या बहिणीसाठी काय घेऊन जायचं राहिलंय का ते विचारायला लागले. तिला इथली शेव हवी होती.

राजीनाम्यानंतर घरात फार काही बदललं असं नाही. भाऊ भाऊ रोज गप्पा मारत बसतात असं मी म्हटलं तर ते खोटं होईल. जिन्यात भेटले तर दोन वाक्यं बोलतात. वीज गेली की एकमेकांना हाक मारून विचारतात, तुमच्याकडे आहे का. सणाला एकत्र जेवण होतं आणि जेवण झालं की काका लगेच वर जातात. इतकी वर्षं न बोलता गेली ती कुठेतरी राहिलेलीच आहेत.

थंडी पडायला लागली तेव्हा काका एका रविवारी सकाळी खाली आले. सासरे पेपर वाचत होते. काकांना खोल्यांच्या छतावर सोलर पॅनल बसवायचं होतं. त्याची सावली सासऱ्यांच्या बाजूच्या गच्चीवर दुपारी येणार होती. सासूबाई तिथे वर्षभराच्या कुरडया-पापड वाळवतात. काकांनी सगळं नीट सांगितलं, कंपनीने दिलेलं चित्रही दाखवलं.

सासऱ्यांनी चित्र लांब धरून पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सासूबाई माझ्यामागे.

"नको," सासरे म्हणाले. "दुपारचं ऊन जाईल."

काकांनी चित्राची घडी केली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो उतरला, पण रागावला नाही.

"बरं," ते म्हणाले. "पाण्याच्या टाकीच्या बाजूला बसतं का विचारतो त्यांना."

"तिकडे विचार. तिकडे काही हरकत नाही."

मी चहा ठेवला. काका पहिल्यांदाच घाई न करता बसले. दोघांनी पेपरची पानं वाटून घेतली. सासूबाई आत येऊन मला हळूच म्हणाल्या, "पॅनल बसलं असतं तरी मी कुरडया दुसरीकडे घातल्या असत्या." मग दूध उतू जायला आलं म्हणून त्यांनी गॅस बारीक केला.